१९५३ ब्युइक स्कायलार्क: विक्रीपूर्व तपासणी आणि कामाच्या नोंदी

गाडी: ब्युइक स्कायलार्क, मॉडेल ७६-एक्स, उघड्या टपाची, लाल रंग, चाकांच्या कोनाड्यांत पांढरा. ठिकाण: मिशिगन. काम: संग्राहकांपुढे विक्रीला ठेवण्याआधी गाडी तपासायची, गरजेपुरतं दुरुस्त करायची आणि विक्रीचं वर्णन तयार करायचं. संपूर्ण जीर्णोद्धार करायचा नाही.

नोंदींत प्रत्येक भागापुढे तीनपैकी एक खूण आहे. 'म' म्हणजे कारखान्यातून आलेला मूळ भाग, 'दु' म्हणजे मूळच पण दुरुस्त केलेला किंवा पुन्हा मुलामा दिलेला, 'न' म्हणजे नंतर बनवलेला. खूण ठरत नसेल तर ती जागा कोरी राहील, अंदाजाने भरायची नाही. ब्युइकने हे मॉडेल आपल्या पन्नासाव्या वर्षात काढलं आणि १९५३ मध्ये १,६९० गाड्या बांधल्या. त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक एल्डोराडो ५३२ आणि ओल्ड्समोबील फिएस्टा ४५८ निघाल्या. म्हणजे तिघींत स्कायलार्क सर्वांत कमी दुर्मीळ, आणि म्हणूनच हिच्या बाबतीत घेणारा निवडून घेतो. गाडी अस्सल आहे एवढं म्हणून भागत नाही, किती अस्सल आहे ते दाखवावं लागतं.

११ फेब्रुवारी

गाडी ट्रेलरवरून उतरवली. सुरू केली नाही. टाकीतलं पेट्रोल जुनं, आंबूस वास. टाकी रिकामी करून ठेवली. चारही चाकांखाली आणि इंजिनापासून मागच्या एक्सलपर्यंत कोरा पुठ्ठा अंथरला. थेंब कुठे पडतात हे पहिल्या रात्री जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं नंतर दिसत नाही.

१२ फेब्रुवारी

पुठ्ठ्यावर चार डाग:

टॉर्क-बॉलखाली, म्हणजे गिअरपेटीमागच्या गोळ्याखाली, लालसर तेल, हातभर लांब ओघळ.
इंजिनाच्या मागच्या बाजूला काळं तेल, सातआठ थेंब. मागच्या मेन बेअरिंगचं सील दोरीचं असतं. उभ्या गाडीत दोरी सुकते, गाडी चालू लागली की थोडी फुगून गळती कमी होते. आत्ता हात लावायचा नाही.
ड्रायव्हरच्या दाराच्या खालच्या कडेला रंगहीन, बोटाला चिकट द्रव. वास ब्रेक-तेलाचा. दाराच्या कडेचा रंग त्या जागी मऊ पडलाय.
उजव्या मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला तेलकट डाग. हा ब्रेकचा नाही, पातळ आणि लाल आहे. पहिल्या डागाशी याचं नातं असणार, ते खाली येईलच.

१५ फेब्रुवारी – ओळख पटवणे

आजचा सबंध दिवस पाट्या आणि मोजमापांत गेला, आणि खरं तर विक्रीचं अर्धं काम हेच आहे.

स्कायलार्कची बॉडी रोडमास्टर कन्व्हर्टिबलवरून घडवलेली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, दोन्हींचा एकच, १२१.५ इंच. इंजिन तेच, गिअरपेटी तीच. त्यामुळे रोडमास्टर कन्व्हर्टिबलला स्कायलार्कच्या पट्ट्या, चाकं आणि बिल्ले लावून कुणी उभी केली तर लांबून फसायला होतं. त्या काळात रोडमास्टर कन्व्हर्टिबल ३,५०६ डॉलरला होती आणि स्कायलार्क ५,००० ला. आज हा फरक कित्येक पटींनी वाढलाय, म्हणजे फसवणुकीचा मोहही.

काय पाहिलं:

बॉडीची पाटी बॉनेटखाली, इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीवर. स्टाइल क्रमांक ५३-४७६७एसएक्स. 'एक्स' स्कायलार्कचा. पाटीचे रिव्हेट भिंगाखाली पाहिले. डोकी झिजलेली नाहीत, भोकांभोवती ओरखडे नाहीत, पाटीमागे जुना रंग आहे. म.

पुढची काच. रोडमास्टरपेक्षा स्कायलार्कची काच आणि टप सुमारे ३ इंचांनी बुटके. रोडमास्टरची काच कापून चौकट खाली आणली तर कोपऱ्यातल्या जोडावर डाग दिल्याच्या खुणा आतून राहतात. रबर उचलून दोन्ही खांबांची मुळं पाहिली, अखंड आहेत. म.

दाराची वरची कड. मागे जाताना ती खाली लवते आणि मागच्या मडगार्डवर परत चढते. ही लव नुसत्या पट्टीने आणता येत नाही, पत्रा आणि दाराची काच दोन्ही त्या आकाराची लागतात. म.

चाकांची कमान. मागची कमान पूर्ण गोल उघडी, आतला भाग पांढरा. कारखान्यात तो पांढरा किंवा लाल देत. आतल्या कडेला जुना पांढरा थर खरवडून सापडला. म, वरचा थर न.

मडगार्डवरची भोकं. ब्युइकची ही ओळखखूण स्कायलार्कवर मुद्दाम ठेवली नव्हती. आतून पाहिलं, बुजवलेली भोकं नाहीत.

जाळीदार चाकांवरून काहीही ठरवायचं नाही. केल्सी-हेजची तारेची चाकं इतर गाड्यांवरही बसत.

स्टीअरिंगच्या मधोमध मालकाचं नाव कोरलेला सोनेरी बिल्ला असायचा. या गाडीवर बिल्ला आहे, पण अक्षरं फार धारदार आणि मागची बाजू नवी कोरी. न. नाव जुन्या कागदांतल्या पहिल्या मालकाशी जुळतं, म्हणजे हरवलेला बिल्ला कुणीतरी कागद पाहून नव्याने करून घेतला असावा. वर्णनात 'नवीन, नाव कागदांशी जुळते' एवढंच जाईल.

इंजिन क्रमांक आणि मालकी कागद. १९५३ मध्ये गाडीचा आजचा १७ अक्षर-आकड्यांचा ओळख-क्रमांक नव्हता. काही राज्यांनी त्या काळच्या गाड्यांची नोंदणी इंजिन क्रमांकावर केली. अशा गाडीचं इंजिन मधेच बदललं गेलं असेल तर कागद एका इंजिनाचा आणि गाडीत दुसरंच, असा घोळ होतो आणि तो विक्रीच्या दिवशी उघडा पडतो. इथे कागद, दाराच्या खांबावरची पाटी आणि इंजिन तिन्ही पाहिले, जुळतात.

१६ फेब्रुवारी

रंगाची जाडी मोजली. ८४ जागा, प्रत्येक पत्र्याचे सहा ते दहा वाचन, गाडीच्या रेखाटनावर लिहून ठेवले. बॉनेट आणि डिकी १८० ते २४० मायक्रॉन, म्हणजे पुन्हा रंगवलेली पण लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी, न भरलेली. मागच्या दोन्ही मडगार्डांवर, दाराच्या लवेपाशी यंत्र आपल्या मर्यादेबाहेर गेलं.

इथे घाई करून 'लांबी भरली आहे' असं लिहिण्याचा मोह होतो. स्कायलार्कचे हे भाग कारखान्यातच हाताने जोडून शिशाने भरून घेतलेले. शिसं चुंबकाला धरत नाही, लांबीही धरत नाही. जाडी मोजणारं यंत्र लोखंडापर्यंतचं अंतर सांगतं, मधे काय आहे ते सांगत नाही. चुंबक घेऊन गाडी पाहायला येणाऱ्या घेणाऱ्याला नेमकं इथेच सावध करायला हवं, नाहीतर तो सर्वांत अस्सल जागेला सर्वांत वाईट जागा समजून निघून जातो.

फरक ओळखायचे दोन उपाय. पहिला, केस वाळवायच्या यंत्राने ३० सेकंद ऊब द्यायची आणि इन्फ्रारेड तापमापक धरायचा. लांबी उष्णता धरून ठेवते, तेवढीच जागा तापते आणि सावकाश निवते. शिसं उष्णता आजूबाजूला पसरवतं. दुसरा आणि पक्का उपाय, आतला गादीचा पडदा काढून पत्र्याच्या जोडाची मागची कड खरवडायची. चंदेरी-करडी, नखाने रेघ उमटेल अशी मऊ धातू दिसली की शिसं.

डावं मडगार्ड: शिसं, सर्वत्र. म.
उजवं मडगार्ड: वरचा भाग शिसं, पण चाकाच्या कमानीमागे तळहाताएवढी लांबी. जुना मार. दु.

१७ फेब्रुवारी

गादीचे पडदे आधीच काढलेले असल्याने टपाच्या खोबणीचा तळ पाहिला. पाणी जायच्या दोन्ही नळ्या पानांच्या चिखलाने बंद. कन्व्हर्टिबल कुजते ती इथून, वरून नाही. नळ्या मोकळ्या केल्या. तळाचा पत्रा ठोकून पाहिला, शाबूत आहे.

२२ फेब्रुवारी – इंजिन

ब्युइकचा पहिला व्ही-८, ३२२ घन इंच, बोअर ४ इंच, स्ट्रोक ३.२ इंच, कॉम्प्रेशन ८.५ ला १, १८८ अश्वशक्ती. झडपा लहान आणि जवळजवळ उभ्या, खिळ्यांच्या माथ्यांसारख्या दिसतात म्हणून 'नेलहेड'.

सुरू करण्याआधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ तेल, रात्रभर ठेवून पान्याने हाताने फिरवलं. मोकळं आहे. झडपांवरची झाकणं काढली. रॉकर-शाफ्टच्या तेलाच्या भोकांत गाळ भरलाय, डाव्या बाजूला जास्त. ही या इंजिनाची नेहमीची व्याधी. वरती तेल कमी पोचतं, रॉकर झिजतात, आणि टकटक ऐकून लोक लिफ्टर, म्हणजे झडपा उचलणारे तुकडे, बदलत बसतात. दोन्ही शाफ्ट काढून टोकाच्या गुडद्या काढल्या, तारेने आणि रॉकेलने साफ केलं. रॉकरचा क्रम बदलू नये म्हणून एका लाकडी पट्टीवर खिळे ठोकून त्याच क्रमाने अडकवले.

तेल: सपाट तळाचे लिफ्टर असल्याने जस्त-फॉस्फरसयुक्त तेलच, साधारण १,००० ते १,२०० पीपीएम. आजचं साधं पेट्रोल-गाडीचं तेल यात कमी पडतं, कॅमशाफ्टचे उंचवटे झिजतात.

२३ फेब्रुवारी

कॉम्प्रेशन, इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा: आठही १४८ ते १५८ पीएसआय. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांत ७ टक्क्यांहून कमी फरक. पुढे खोलायचं कारण नाही. आठही आकडे जसेच्या तसे वर्णनात जातील. 'कॉम्प्रेशन उत्तम' असं लिहिण्यापेक्षा आठ आकडे स्वस्त पडतात.

१ मार्च – सेल्फ, विजेची जोडणी

हिला बटणाने सेल्फ मारत नाहीत. किल्ली फिरवून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. स्विच कार्ब्युरेटरच्या अंगात आहे आणि त्यात पोलादी गोळी असते. इंजिन चालू झालं की पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, ती गोळी उचलून स्विच अडवते, त्यामुळे चालत्या गाडीत पाय दाबला तरी सेल्फ लागत नाही. कार्ब्युरेटर खोलून धुताना ही गोळी हरवते, किंवा कुणी अंदाजाने दुसरीच घालतो. मग एक तर सेल्फ लागतच नाही, नाहीतर चालत्या इंजिनावर खर्रकन लागतो. खोलण्याआधी खाली पांढरं फडकं अंथरावं. गोळी जागेवर, म. स्विचचे संपर्क काळे पडलेले, साफ केले.

विजेची जोडणी १२ व्होल्ट. ब्युइकचं हे १२ व्होल्टचं पहिलंच वर्ष आणि तेही व्ही-८ गाड्यांपुरतं. जुन्या सरळ आठ सिलिंडरची स्पेशल त्या वर्षी ६ व्होल्टवरच होती. सुटे भाग मागवताना '१९५३ ब्युइक' एवढंच सांगितलं तर ६ व्होल्टचा हॉर्न-रिले हातात पडतो. पडला. परत पाठवला.

जनरेटर चार्ज करत नव्हता. रेग्युलेटर बदलल्यावर जनरेटरला ध्रुवता द्यावी लागते. बॅटरी जोडून, इंजिन बंद ठेवून, रेग्युलेटरच्या बॅटरी आणि जनरेटर या दोन टोकांना तारेचा तुकडा क्षणभर टेकवायचा, एक ठिणगी, झालं. हे या डेल्को जोडणीपुरतंच. दुसऱ्या कंपनीच्या जनरेटरला हीच क्रिया केली तर रेग्युलेटर जळू शकतो. आता ४० मैल वेगाच्या फेऱ्यांना १४.१ व्होल्ट.

रेडिओ: पायाने स्टेशन बदलायचं बटण जागेवर, म. आवाज नाही, व्हायब्रेटरचे संपर्क चिकटलेत. त्यात घुसून नवा इलेक्ट्रॉनिक तुकडा बसवता येतो, पण मूळ डबा तसाच ठेवून 'वाजत नाही' लिहायचं ठरलं. काही घेणारे यालाच पसंती देतात.

८ ते २२ मार्च – हायड्रो-लेक्ट्रिक

या गाडीतलं सर्वांत त्रासदायक आणि सर्वांत कमी समजलेलं अंग. टप, चारही काचा आणि पुढची सीट एकाच विजेच्या पंपावर द्रवाच्या दाबाने चालतात. सिलिंडर सात: काचांचे चार, सीटचा एक, टपाचे दोन.

काचेचं काम असं चालतं. वर जाण्यासाठी बटण दाबलं की पंप सुरू होतो आणि त्या काचेच्या सिलिंडरवरची सोलेनॉइड-झडप उघडते, दाबाने काच वर. खाली येताना पंप चालत नाही. फक्त झडप उघडते आणि स्प्रिंग काच खाली ओढते. एवढं कळलं की निम्मी दुखणी ऐकूनच ओळखता येतात:

काच वर जाते, रात्रीतून आपोआप खाली बसते: झडप नीट मिटत नाही, आत गंज किंवा कचरा.
काच वर जाते, खाली येत नाही: स्प्रिंग तुटलेली, किंवा काचेच्या खोबणीतला नमद्याचा पट्टा सुकून घट्ट. आधी खोबणीत सिलिकॉनचा फवारा मारून पाहावा. सिलिंडर खोलणं शेवटी.
पंप घुमतो, काहीच हलत नाही: द्रव कमी किंवा हवा शिरलेली.
दाराखाली थेंब: सिलिंडरची रबरी वाटी गेली.

आपल्याकडे पहिलं आणि चौथं.

मूळ द्रव म्हणजे साधं ब्रेक-तेल. ते हवेतलं पाणी पितं, पाण्याने सिलिंडर आतून गंजतो, गंजलेल्या नळीवर घासून रबर फाटतं, तेल दारात उतरतं आणि रंग व कातडं खातं. सत्तर वर्षं हेच चक्र. एक सिलिंडर बदलून थांबणारा दोन वर्षांनी पुढच्या दारावर येतो. म्हणून सातही काढले.

सातपैकी तीनांच्या नळ्यांवर खोल खड्डे, त्या टाकून नवे सिलिंडर, न. चार हलक्या होनिंगने, म्हणजे आतून घासून, साफ झाले, आत नवी रबरं, दु. सर्व लवचिक नळ्या नव्या. धातूच्या नळ्या मूळ, स्पिरिटने तीनदा धुऊन हवेने सुकवल्या. पंपाच्या मोटरचे कार्बन-ब्रश बदलले.

द्रव कोणता, यावर बराच खल झाला. इथली रबरं ब्रेक-तेलासाठीची. गिअरपेटीचं तेल घातलं तर ती फुगतात आणि सिलिंडर जाम होतो. रंग खात नाही म्हणून कुणीतरी ते घालतंच. सिलिकॉनचं डॉट-५ ब्रेक-तेल रंगाला निरुपद्रवी आणि पाणीही पीत नाही, पण जुन्या ग्लायकॉलच्या तेलात मिसळायचं नाही. सगळी रबरं नवी आणि नळ्या धुतलेल्या असल्याने डॉट-५ घातलं, १.४ लिटर लागलं. ओतताना हलवायचं नाही, त्यात बारीक बुडबुडे तासन्‌तास राहतात. पंपाच्या टाकीवर कापडी पट्टीची खूण बांधून लिहिलं: फक्त सिलिकॉन डॉट-५.

काचा: चढायला ३ ते ४ सेकंद, रात्रभरात हलत नाहीत. टप: मिटायला २२ सेकंद. टप मिटवताना मागची प्लॅस्टिकची खिडकी आधी सोडायची. घडीत चुरगळली की तिच्यावरची पांढरी रेघ कधीच जात नाही.

एक सावधगिरी: पंपाची तार जाड आणि वाटेत कापडी वेष्टण जागोजाग उघडं. बॅटरीला हाताने बंद करायचा स्विच बसवला, न. मूळ तारांना भोक न पाडता.

२९ मार्च – डायनाफ्लो

गाडीची गिअरपेटी जुळ्या टर्बाइनची डायनाफ्लो, १९५३ सालची नवी. ही गिअर बदलत नाही, सगळी चढण टॉर्क-कन्व्हर्टरवर. 'लो' हाताने घालायचा. घेणाऱ्याने पहिल्यांदा चालवून 'गिअर घसरतोय' म्हणू नये म्हणून हे वर्णनात ठळक.

पहिल्या रात्रीच्या लाल डागांचा उलगडा: या गाडीचा प्रोपेलर-शाफ्ट एका बंद नळीत, टॉर्क-ट्यूबमध्ये फिरतो. नळीचं पुढचं टोक गिअरपेटीमागे एका गोळ्यावर, टॉर्क-बॉलवर झुलतं. तिथलं सील गेलं की तेल खाली पडतं. आतलं शाफ्टचं सील गेलं तर तेल बाहेर दिसतच नाही, नळीतून मागे वाहत जाऊन डिफरेन्शिअलमध्ये भरतं आणि तिथून एक्सलच्या सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये. गिअरपेटीचं तेल कमी होतंय पण जमीन कोरडी, असं ऐकलं की डिफरेन्शिअलचं पातळीचं बूच उघडावं. उघडलं. जाड काळ्या तेलाऐवजी पातळ लाल तेल भसकन बाहेर, सव्वा लिटर.

५ आणि ६ एप्रिल

गाडी चौकटीखाली घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर. मागची ब्रेकची नळी, हॅन्डब्रेकची केबल, आडवा रॉड, शॉक-अ‍ॅब्सॉर्बरच्या कड्या आणि स्प्रिंगा सोडवून सबंध मागचा एक्सल टॉर्क-ट्यूबसकट अर्धा फूट मागे सरकवला. दोन माणसं आणि चाकांचा जॅक लागतो, एकट्याने करू नये.

टॉर्क-बॉल आणि शाफ्ट, दोन्ही सील नवी. बॉलच्या कड्याखालच्या पातळ चकत्यांवर सगळा खेळ. कमी घातल्या तर गोळा आवळतो आणि निघताना गाडी थरथरते. जास्त झाल्या तर सैल राहून पुन्हा गळतं. हाताने जोर लावून हलेल पण आपल्या वजनाने पडणार नाही इतपत ठेवला. डिफरेन्शिअल धुऊन योग्य तेल. एक्सलची दोन्ही सील नवी, उजवे ब्रेक-शू तेलाने भिजलेले, ते धुऊन वापरत नाहीत, दोन्ही बाजूंचे नवे.

ब्रेकचा मास्टर-सिलिंडर एकेरी आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. दुहेरी बसवायचा सल्ला मिळाला. मूळ ठेवला, नळ्या सर्व नव्या. दुहेरी बसवायचा का, हे गाडी घेणाऱ्यावर सोडलं.

१९ एप्रिल – चाकं

पाच चाकं, प्रत्येकी ४० आरे, एकूण २०० आरे आणि तेवढ्याच टोप्या. मागच्या जीर्णोद्धारात क्रोमचा मुलामा दिलेला, कुठे दिला ते कागदांत नाही. पेन्सिलने प्रत्येक आऱ्यावर टकटक केली. नीट ताणलेला खणखणतो, सैल बदबदतो. तीन चाकांत ११ सैल, एका चाकात दोन तुटलेले.

तुटका भाग पाहिला: लांबलेला नाही, खडूसारखा कडकन तुटलाय. मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. त्यावर उपाय म्हणजे मुलाम्यानंतर चार तासांच्या आत सुमारे १९० अंश सेल्सिअसला काही तास भाजणं. ते केलं नसावं असं दिसतं. म्हणजे उरलेल्या १९८ आऱ्यांवरही भरवसा ठेवता येत नाही. या नोंदींतला सर्वांत महाग निर्णय: पाचही चाकांचे आरे नवे, न. धावा आणि मधले तुंबे मूळ, दु.

१७ मे

चाकं परत आली. डगमग उभी-आडवी १.५ मिलिमीटरच्या आत. आऱ्यांची टोकं धावेच्या आत घासून सपाट केली, वर रबरी पट्टा, मग ट्यूब. या चाकांवर ट्यूबशिवाय टायर बसवत नाहीत, आऱ्यांच्या भोकांतून हवा जाते. टायर ८.००-१५, रुंद पांढऱ्या पट्टीचे. जुने टायर दिसायला कोरे, पण बाजूवरच्या चार आकड्यांवरून १८ वर्षांचे.

२४ मे – डावं मडगार्ड

शिशाच्या जोडावर मोहरीएवढे १४ फोड. शिसं भरण्याआधी पत्र्याला कल्हई करताना लावलेलं आम्ल धुतलं गेलं नाही की ते वर्षानुवर्षं ओल धरून रंगाखाली फुगतं. रंगाचा थर काढला, खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, मग साधं पाणी, सुकवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका जागी शिसं सच्छिद्र होतं. ३० टक्के कथील, ७० टक्के शिशाची कांडी. ती १८३ ते साधारण २५५ अंशांमध्ये लोण्यासारखी राहते, त्या वेळात मेण लावलेल्या लाकडी थापीने बसवायची. घासायची ती कानसीने. मशीनने घासलं तर शिशाची धूळ नाकात जाते. वर इपॉक्सी प्रायमर.

रंग जुळवण्याआधी खोबणीत लपलेल्या जागी थिनरचा बोळा फिरवला, रंग विरघळला नाही. म्हणजे आजचा दोन-घटकी रंग, १९५३ चा नायट्रोसेल्युलोज लॅकर नव्हे. तसंच लिहिलं.

७ जून – वर्णन आणि चौकश्या

१६२ फोटो. त्यांतले ४० खालच्या बाजूचे, ९ फक्त दोषांचे. थंड इंजिन सुरू होण्याचं सलग, न कापलेलं चित्रण. जाडीचं रेखाटन, आठ कॉम्प्रेशन, म-दु-न ची यादी सोबत. २०१० आणि आधीच्या मॉडेलना मैलमापकाची जाहीर हमी देण्यातून अमेरिकेत सूट आहे, म्हणून मापकावरचा आकडा दिला आणि 'खरा असल्याचा दावा नाही' लिहिलं.

पुण्याहून एक चौकशी. भारतात ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे: 'व्हीए' मालिकेचा क्रमांक, २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. त्यासाठी आपली यादी कामाची. स्टीअरिंग डावीकडे असल्याने वळणाचे दिवे चालू स्थितीत हवेत. या गाडीचे आहेत. आयातीची परवानगी ही वेगळीच बाब, पैसे भरण्याआधी सीमाशुल्काच्या जाणकाराकडून लेखी घ्यावं, असं कळवलं.

२१ जून – रवानगी

बंद ट्रक. बांधायचे पट्टे आऱ्यांतून ओवायचे नाहीत, टॉर्क-ट्यूबवरून तर अजिबात नाही. पुढे चौकटीला, मागे एक्सलच्या घरावर, गुंडाळलेले पट्टे. टप वर, काचा वर, बॅटरीचा स्विच बंद. घेणाऱ्यासाठी एक पान: आठवडाभर उभी असेल तर किल्ली फिरवण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबावा, तिसऱ्यांदा किल्लीसकट, पंपात फक्त डॉट-५, ५०० मैलांनी आऱ्यांवर पुन्हा टकटक.

पुठ्ठा उचलला. टॉर्क-बॉलच्या जागेखाली कालपासून दोन थेंब. वर्णनाच्या चौथ्या ओळीत 'किंचित पाझर' आहेच, तिथे आजची तारीख आणि थेंबांचा फोटो जोडला.